बॉइंक, लिनक्स आणि कॉन्फिग फाइली: बदल करूनही क्लायंट जुनंच का चालवतो?

शेतबांध (धागाकर्ता)

मशीन असं: रायझन ५ ३६००, म्हणजे ६ कोअर, १२ थ्रेड. रॅम १६ जीबी. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०, ४ जीबीचं. डेबियन लिनक्स, आणि बॉइंक क्लायंट (घरच्या संगणकाची रिकामी ताकद विज्ञान प्रकल्पांना देणारा प्रोग्रॅम) ॲप्टनेच, म्हणजे डेबियनच्या पॅकेज-साधनाने, टाकलेला. प्रकल्प दोन जोडलेत: रोझेटा ॲट होम आणि आइनस्टाइन ॲट होम.

हवंय ते एवढंच:

रोझेटाची एका वेळी चारच कामं चालावीत, कारण बारा चालली की रॅम संपते आणि सगळं स्वॅपमध्ये (रॅमऐवजी वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या संथ जागेत) जातं. आइनस्टाइनची दोन कामं एकाच कार्डावर एकदम चालावीत. आणि क्लायंट नवीन काम कधी मागतो, कधी मागत नाही, ते लॉगमध्ये दिसावं.

होम फोल्डरात सीसी_कॉन्फिग.एक्सएमएल (अख्ख्या क्लायंटची सेटिंग फाइल) ठेवली आणि तिथूनच टर्मिनलात बॉइंक सुरू करून पाहिलं. ॲप_कॉन्फिग.एक्सएमएल (प्रकल्पाच्या कामांची सेटिंग फाइल) /व्हार/लिब/बॉइंक मध्ये ठेवली. मशीन दोनदा रीस्टार्ट केलं. रोझेटाची अजूनही बारा कामं चालतात. बॉइंककमांड (टर्मिनलातून क्लायंटला आज्ञा देणारा प्रोग्रॅम) चालवलं की "ऑथरायझेशन फेल्युअर: -१५५" येतं. कुठे चुकतंय?

(आज्ञा, फाइली, टॅग उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. प्रत्यक्षात सगळं रोमन लहान अक्षरांत आणि रोमन अंकांत. लिनक्सला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळतो, हे ध्यानात असू द्या.)

---

सह्यवारा

तीन वेगळ्या चुका एकत्र झाल्यात, म्हणून गोंधळ वाटतोय. एकेक सोडवू.

कुठलीही फाइल उघडायच्या आधी क्लायंटलाच विचारा की तो कुठून वाचतोय:

सुडो जर्नलसीटीएल -यू बॉइंक-क्लायंट -बी

सुरुवातीच्या तीस-चाळीस ओळी शांतपणे वाचा. त्यात "डेटा डिरेक्टरी:" अशी ओळ असते, म्हणजे क्लायंट आपल्या सगळ्या फाइली ठेवतो तो फोल्डर. तिथे जो पत्ता आहे तोच खरा. जुन्या डेबियन-उबुंटूवर तो /व्हार/लिब/बॉइंक-क्लायंट असतो, फेडोरा-आर्चवर /व्हार/लिब/बॉइंक. काही मशीनवर दोन्ही नावं दिसतात, त्यातलं एक दुसऱ्याकडे बोट दाखवणारी लिंक असते.

त्याच्याच जवळ ही ओळ शोधा:

लॉग फ्लॅग्ज: फाइल_एक्सफर, शेड_ऑप्स, टास्क

हे तीन फ्लॅग क्लायंट आपणहून चालू ठेवतो. तुम्ही फाइलीत वर्क_फेच_डीबग (नवीन काम मागण्याच्या नोंदी दाखवणारा फ्लॅग) लावलाय आणि तो या ओळीत नाही, तर तुमची फाइल क्लायंटने पाहिलेलीच नाही. दुसरा कुठला पुरावा लागत नाही. फाइल अजिबातच नसेल तर "सीसी_कॉन्फिग.एक्सएमएल नॉट फाउंड - युझिंग डिफॉल्ट्स" असं स्वच्छ लिहिलेलं असतं. पण डेबियनचं पॅकेज स्वतःची एक फाइल आधीच ठेवून देतं, म्हणून तुम्हाला ती ओळ दिसली नसणार. क्लायंटला फाइल मिळाली, फक्त ती तुमची नव्हती.

आता दुसरी चूक. टर्मिनलात नुसतं "बॉइंक" टंकून चालवलं की ज्या फोल्डरात तुम्ही उभे आहात त्यालाच तो डेटा डिरेक्टरी धरतो. होम फोल्डरात प्रोजेक्ट्स, स्लॉट्स, क्लायंट_स्टेट.एक्सएमएल अशी पिलावळ तयार झाली असेल तर तो दुसराच क्लायंट होता. खऱ्या सर्व्हिसशी, म्हणजे मशीनसोबत आपोआप सुरू होणाऱ्या क्लायंटशी, त्याचा संबंध नाही. त्यात एकही प्रकल्प जोडलेला नसेल तर तो पसारा बिनधास्त काढून टाका. आधी तो चालू नाही ना, हे "पीग्रेप -ए बॉइंक" ने बघा.

---

धूमकेतू

सह्यवारा यांच्या म्हणण्यात भर. डेबियनमध्ये डेटा डिरेक्टरीतली सीसी_कॉन्फिग ही खरी फाइल नसते. एलएस -एल करून बघा, असं काहीतरी दिसेल:

सीसी_कॉन्फिग.एक्सएमएल -> /एट्सी/बॉइंक-क्लायंट/सीसी_कॉन्फिग.एक्सएमएल

ग्लोबल_प्रेफ्स_ओव्हरराइड, रिमोट_होस्ट्स.सीएफजी आणि जीयूआय_आरपीसी_ऑथ.सीएफजी यांचंही तेच. म्हणून बदल एट्सीतल्या फाइलीत करायचा. बरेच जण नवी फाइल बनवून एमव्ही ने डेटा डिरेक्टरीत टाकतात. त्याने लिंक मोडते आणि तिच्या जागी साधी फाइल बसते. पुढे सहा महिन्यांनी एट्सीतली फाइल बदलत बसायचं आणि काही होत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा. लिंक मोडली असेल तर पुन्हा जोडा: सुडो एलएन -एसएफ, मग एट्सीतला पत्ता, मग डेटा डिरेक्टरीतला पत्ता.

तिसरी चूक ॲप_कॉन्फिगची. ती डेटा डिरेक्टरीच्या मुळाशी ठेवून चालत नाही. प्रत्येक प्रकल्पाची वेगळी आणि त्या प्रकल्पाच्याच फोल्डरात हवी. फोल्डराचं नाव प्रकल्पाच्या पत्त्यावरून बनतं: सुरुवातीचं एचटीटीपीएस गळतं आणि तिरक्या रेघेच्या जागी अंडरस्कोर येतो. रोझेटासाठी:

/व्हार/लिब/बॉइंक/प्रोजेक्ट्स/बॉइंक.बेकरलॅब.ऑर्ग_रोझेटा/ॲप_कॉन्फिग.एक्सएमएल

मालकी बॉइंक युझरकडे द्या: सुडो सीएचओन बॉइंक:बॉइंक, आणि परवानगी ६४४ (मालकाला लिहिता येतं, बाकीच्यांना फक्त वाचता) ठेवा. रूटच्या नावाने ६०० (फक्त मालकालाच वाचता येणाऱ्या) परवानगीची फाइल तिथे पडली असेल तर क्लायंटला ती उघडताच येत नाही.

---

पाटावरवंटा

मी तर प्रत्येक बदलानंतर सर्व्हिस रीस्टार्ट करायला सांगेन. आणि परवानगीची कटकट नको असेल तर सगळ्या डेटा डिरेक्टरीला ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) द्या, -१५५ लगेच जातं.

---

सह्यवारा

पाटावरवंटा, ७७७ कृपया कुणाला सुचवू नका. जीयूआय_आरपीसी_ऑथ.सीएफजी मध्ये क्लायंटचा पासवर्ड उघड्या अक्षरांत असतो. ती फाइल सगळ्यांना वाचता आली तर मशीनवरचा कुठलाही युझर तुमचे प्रकल्प काढू शकतो, नवे जोडू शकतो. नवा प्रकल्प जोडणं म्हणजे त्या प्रकल्पाच्या सर्व्हरवरून आलेला प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर चालवणं. ही किल्ली दारात टांगून ठेवायची नसते.

-१५५ चं कारण साधं आहे. बॉइंककमांडला पासवर्ड लागतो आणि तो ही फाइल आधी तुम्ही उभ्या असलेल्या फोल्डरात शोधतो. तिथे नसेल किंवा वाचायची परवानगी नसेल की -१५५. उपाय:

सुडो युझरमॉड -एजी बॉइंक तुमचं_युझरनेम

(इथला "ए" विसरलात तर तुमचे बाकीचे सगळे गट, सुडोसकट, निघून जातात. टंकताना दोनदा बघा.)

मग लॉगआउट करून पुन्हा लॉगइन. नुसतं नवं टर्मिनल उघडून नवा गट लागू होत नाही. "ग्रुप्स" आज्ञा देऊन यादीत बॉइंक आलाय का पाहा. त्यानंतर सीडी करून डेटा डिरेक्टरीत जा आणि तिथून बॉइंककमांड चालवा. रोज लागणार असेल तर त्या पासवर्ड फाइलीची लिंक होम फोल्डरात करून ठेवा.

रीस्टार्टबद्दल: बहुतेक बदलांना गरज नाही. बॉइंककमांड --रीड_सीसी_कॉन्फिग पुरतं. नाव सीसी_कॉन्फिगचं असलं तरी त्याच आज्ञेने सगळ्या प्रकल्पांच्या ॲप_कॉन्फिगही पुन्हा वाचल्या जातात. लॉगमध्ये "री-रीडिंग सीसी_कॉन्फिग.एक्सएमएल" आणि त्यामागे त्या त्या प्रकल्पाच्या नावाने "फाउंड ॲप_कॉन्फिग.एक्सएमएल" यायला हवं. सिस्टमसीटीएल रीलोड बॉइंक-क्लायंट हीच आज्ञा आतून चालवतं. मॅनेजर (बॉइंकचा खिडकीवाला प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांना ऑप्शन्स मेनूत "रीड कॉन्फिग फाइल्स" आहे.

रीस्टार्ट खरंच लागतो तो ग्राफिक्स कार्डांशी संबंधित पर्यायांना: यूज_ऑल_जीपीयूज, एक्स्क्लूड_जीपीयू, इग्नोर_एनव्हिडिया_डेव्ह. कार्डं फक्त क्लायंट सुरू होतानाच मोजली जातात. अलाउ_रिमोट_जीयूआय_आरपीसी लाही रीस्टार्ट द्या. विनाकारण रीस्टार्टचा तोटा असा की प्रत्येक काम शेवटच्या चेकपॉइंटपासून (कामाची मध्येच जतन केलेली स्थिती) पुन्हा सुरू होतं, आणि सगळी कामं दर मिनिटाला चेकपॉइंट करत नाहीत.

---

पाटावरवंटा

७७७ चं मागे घेतो. पासवर्डचा मुद्दा लक्षात घेतला नव्हता.

---

खडूफळा

आता फाइलीच्या आतलं. शेतबांध, तुमच्या गरजेपुरती रोझेटाची ॲप_कॉन्फिग एवढीच:

<ॲप_कॉन्फिग>
  <ॲप>
    <नेम>रोझेटा</नेम>
    <मॅक्स_कन्करंट>४</मॅक्स_कन्करंट>
  </ॲप>
</ॲप_कॉन्फिग>

इथे "नेम" मध्ये जे लिहायचं ते ॲपचं आतलं आखूड नाव. मॅनेजरच्या यादीत दिसतं ते सजवलेलं नाव, आवृत्तीच्या आकड्यासकट. ते चालत नाही. आखूड नाव माहीत नसेल तर एक खात्रीची युक्ती आहे: मुद्दाम चुकीचं नाव लिहा, उदाहरणार्थ "कखग" च्या जागी रोमनमध्ये काहीही, आणि फाइल वाचायला लावा. लॉगमध्ये येईल की तुमची ॲप_कॉन्फिग अनोळखी ॲपचा उल्लेख करतेय, आणि पुढेच "नोन ॲप्लिकेशन्स:" म्हणून खऱ्या नावांची यादी. त्यातलं नाव जसंच्या तसं उचला. यादीत फक्त तीच ॲप्स येतात ज्यांचं काम तुमच्या मशीनवर कधीतरी आलंय, म्हणून नव्याने जोडलेल्या प्रकल्पात आधी एखादं काम उतरू द्या.

एका प्रकल्पाची बरीच ॲप्स असतील आणि एकूणच मर्यादा घालायची असेल तर ॲपच्या बाहेर, थेट ॲप_कॉन्फिगखाली प्रोजेक्ट_मॅक्स_कन्करंट लिहा.

आइनस्टाइनसाठी त्याच्या स्वतःच्या फोल्डरात दुसरी फाइल. ॲपच्या आत जीपीयू_व्हर्जन्स, आणि त्यात जीपीयू_युसेज ०.५ व सीपीयू_युसेज १. अर्ध्या कार्डाचं एक काम, म्हणजे एका कार्डावर दोन. लागू झालं की मॅनेजरमध्ये कामापुढे "१ सीपीयू + ०.५ एनव्हिडिया जीपीयू" अशा अर्थाचं दिसतं.

सीपीयू_युसेजबाबत गैरसमज फार आहे. हा आकडा कामाला आवर घालत नाही. तो फक्त क्लायंटच्या हिशोबासाठी आहे, की या कामासाठी किती थ्रेड बाजूला ठेवायचे. एनव्हिडियावरची ओपनसीएल (ग्राफिक्स कार्डावर गणित चालवायची एक पद्धत) कामं कार्डाची वाट पाहताना बहुधा एक अख्खा थ्रेड फिरवत ठेवतात. तुम्ही ०.२ लिहिलंत तर दोन कामांचे मिळून ०.४ होतात, क्लायंट त्यासाठी एकही थ्रेड मोकळा सोडत नाही, बारा थ्रेडवर चौदा जणांची ओढाताण होते आणि कार्ड उपाशी राहतं. म्हणून तुमच्या मशीनवर १ च लिहा.

४ जीबीच्या कार्डावर दोन कामं मावतात का ते एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची मेमरी किती वापरात आहे ते दाखवणारी आज्ञा) मध्ये बघा. आणि दोन चालतात म्हणजे फायदाच आहे असंही नाही. एका कामाला जितका वेळ लागतो त्याच्या दुपटीहून कमी वेळात दोन संपत असतील तरच ०.५ ठेवा. पाच-सहा कामांची सरासरी काढा, एकावरून ठरवू नका.

---

धूमकेतू

आइनस्टाइनच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पसंतीतसुद्धा "जीपीयू युटिलायझेशन फॅक्टर" आहे. तिथला बदल नवं काम उतरल्यावरच लागू होतो. ॲप_कॉन्फिग असेल तर तिचं चालतं. दोन्हीकडे वेगवेगळे आकडे ठेवू नका, नंतर कुठला कुठून आला ते उमगत नाही.

विषय निघालाच आहे तर: आइनस्टाइन ॲट होम २००५ साली सुरू झाला आणि लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या नोंदींमध्ये फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अखंड गुरुत्वीय लहरी शोधणं हे त्याचं मूळ काम. २०१० साली याच प्रकल्पातल्या घरगुती संगणकांनी अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींमधून एक नवा पल्सार (ठराविक अंतराने स्पंद पाठवणारा फिरता न्यूट्रॉन तारा) शोधून काढला. लायगो-इंडिया आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभी राहतेय, त्यामुळे मराठी माणसाने या प्रकल्पाला चार थ्रेड द्यावेत असं मला मनापासून वाटतं.

---

शेतबांध

लिंक मोडलेलीच निघाली, जोडली. होम फोल्डरातला पसारा काढला. गटात घालून -१५५ गेलं. आता लॉग फ्लॅग्जच्या ओळीत वर्क_फेच_डीबग दिसतो.

रोझेटाची कामं अजून चारवर आली नाहीत. लॉगमध्ये ॲप_कॉन्फिगचा उल्लेखच नाही. फाइल योग्य फोल्डरात आहे, मालकीही बॉइंकची आहे.

---

खडूफळा

एलएस -एलबी करून नाव अक्षर-अक्षर तपासा. शेवटी डॉट टीएक्सटी लागलंय का, आधी-नंतर स्पेस आहे का, ए मोठा आहे का, अंडरस्कोरच्या जागी हायफन आहे का. "-बी" मुळे नावातली स्पेस उलट्या तिरक्या रेघेसकट दिसते.

---

शेतबांध

ॲप-कॉन्फिग, हायफनने. नाव दुरुस्त केलं. आता "फाउंड" येतं, पण त्याच्या खालीच अनोळखी टॅगची तक्रार येते. टॅग तर बरोबर दिसतोय.

---

खडूफळा

वेबपानावरून उतरवलं असेल तर अदृश्य स्पेस आल्यात. वेबपानं ओळीच्या सुरुवातीची जागा पुष्कळदा न तुटणाऱ्या स्पेसने भरतात. डोळ्याला ती साध्या स्पेससारखीच दिसते, पण क्लायंटच्या लेखी ती मोकळी जागा नाही, मजकूर आहे. शोधायला:

ग्रेप -एनपी '[^\एक्स००-\एक्स७एफ]' ॲप_कॉन्फिग.एक्सएमएल

साध्या इंग्रजी अक्षरांबाहेरचं काहीही ज्या ओळीत आहे ती ओळ क्रमांकासह समोर येते. त्या ओळी हाताने पुन्हा टंका.

शिवाय लिबएक्सएमएल२-युटिल्स पॅकेज टाकून "एक्सएमएललिंट --नोआउट" ने फाइल तपासायची सवय ठेवा. उघडा टॅग बंद केला नसेल तर ते ओळ क्रमांक सांगतं. पण एक्सएमएललिंट पास झालं म्हणजे क्लायंटला समजलंच असं नाही. त्याला फक्त टॅगांची रचना कळते. मॅक्स_कन्करंट ऐवजी मॅक्स_कॉन्करंट लिहिलंत तरी एक्सएमएललिंट खुश असतं. क्लायंट मात्र त्या टॅगपाशी अडतो. त्याची तक्रार लॉगमध्येच मिळते, "अनरेकग्नाइझ्ड टॅग", "मिसिंग स्टार्ट टॅग", "मिसिंग एंड टॅग" अशा अर्थाची. मिसिंग एंड टॅग आलं की आधी शेवटची ओळ बघा, पेस्ट करताना तीच राहून जाते.

---

रात्रपाळी

दोन गोष्टी राहून गेल्यात, दोन्ही नव्या माणसाला हमखास अडवतात.

एक, ॲप_कॉन्फिग आणि ॲप_इन्फो या भिन्न फाइली आहेत. ॲप_इन्फो.एक्सएमएल ठेवली की क्लायंट "अनॉनिमस प्लॅटफॉर्म" समजतो, म्हणजे प्रोग्रॅम तुम्ही स्वतः आणणार आणि प्रकल्पाने पाठवू नये. ती चुकून ठेवलीत तर हातातली कामं वाया जातात आणि नवी येत नाहीत. स्वतः संकलित केलेला प्रोग्रॅम चालवायचा नसेल तर त्या फाइलीला हातच लावू नका.

दोन, ॲप_कॉन्फिग काढून टाकली किंवा तिच्यातली ओळ पुसली की जुनं सगळं आपोआप परत येत नाही. क्लायंटने ते आकडे स्वतःच्या नोंदीत उतरवलेले असतात. मर्यादा काढायची तर प्रकल्प रीसेट करावा लागतो, आणि रीसेटमध्ये हातातली कामं जातात. म्हणून आधी "नो न्यू टास्क्स" लावा, आहेत ती कामं संपवून पाठवा, मग रीसेट. तात्पुरता बदल असेल तर ओळ पुसू नका, मूळ आकडा स्पष्ट लिहा. जीपीयू_युसेज १ लिहून वाचायला लावलं की झालं.

---

सह्यवारा

रॅमचा मूळ त्रास फक्त मॅक्स_कन्करंटने सोडवू नका. खरी मर्यादा पसंतीत (प्रेफरन्सेसमध्ये) असते. रॅम_मॅक्स_युज्ड_बिझी_पीसीटी मूळात ५० असतो आणि रॅम_मॅक्स_युज्ड_आयडल_पीसीटी ९०. म्हणजे १६ जीबीपैकी, तुम्ही कीबोर्डावर असताना ८ आणि उठून गेलात की साधारण १४.४ जीबी. स्वॅपमध्ये जातंय ते बहुधा रात्री. आयडलचा आकडा ७० वर आणा. मर्यादा भरली की क्लायंट उरलेल्या कामांपुढे "वेटिंग फॉर मेमरी" लावून थांबतो. तो बिघाड नाही, तसंच व्हायला हवं.

लीव्ह_ॲप्स_इन_मेमरी हाही पाहा. तो चालू असला की थांबवलेली कामंही रॅम सोडत नाहीत. कमी रॅमच्या मशीनवर बंद ठेवावा असं वाटतं, पण बंद केला की थांबलेलं काम चेकपॉइंटपासून सुरू होतं. १६ जीबीवर चार रोझेटा असतील तर चालू ठेवा.

हे आकडे कुठून येतात, त्याचा क्रम असा: संकेतस्थळावरून ग्लोबल_प्रेफ्स.एक्सएमएल येते, आणि मशीनवरची ग्लोबल_प्रेफ्स_ओव्हरराइड.एक्सएमएल तिच्यावर मात करते. मॅनेजरच्या पसंतीच्या खिडकीत एकदा "सेव्ह" दाबलं की तिथले सगळे आकडे ओव्हरराइडमध्ये लिहिले जातात, तुम्ही एकच बदलला असलात तरी. तिथून पुढे संकेतस्थळावर काहीही बदला, या मशीनवर फरक पडत नाही. लॉगमध्ये "रीडिंग प्रेफरन्सेस ओव्हरराइड फाइल" दिसलं की समजून घ्या. हाताने बदलली तर बॉइंककमांड --रीड_ग्लोबल_प्रेफ्स_ओव्हरराइड.

---

नांगरणी

सर्व्हर खोलीत, मॉनिटर दुसऱ्या खोलीत अशी मांडणी आहे. रिमोट_होस्ट्स.सीएफजी मध्ये लॅपटॉपचा आयपी लिहिला, तरी मॅनेजर जोडत नाही. अलाउ_रिमोट_जीयूआय_आरपीसी लावून टाकू का?

---

सह्यवारा

तो लावला की कुठल्याही पत्त्यावरून जोडणी चालते, रिमोट_होस्ट्सची यादी निरर्थक होते, आणि मध्ये फक्त पासवर्ड उरतो. लॉगमध्ये "नॉन-अलाउड ॲड्रेस" ची ओळ येत असेल तर त्यात जो आयपी आहे तो तुमच्या यादीतल्याशी जुळवा. राउटरने लॅपटॉपला नवा आयपी दिलेला असतो. ओळच येत नसेल तर फायरवॉलवर ३१४१६ पोर्ट अडतंय.

त्यापेक्षा एसएसएच बोगदा (दोन मशीनमधल्या सुरक्षित जोडणीतून दुसऱ्या मशीनच्या पोर्टापर्यंत जाणं) करा, घरच्या वायफायवरही:

एसएसएच -एल ३१४१७:लोकलहोस्ट:३१४१६ युझर@सर्व्हर

मग लॅपटॉपवरून लोकलहोस्ट:३१४१७ ला जोडा, पासवर्ड सर्व्हरवरच्या जीयूआय_आरपीसी_ऑथ मधला. लॅपटॉपच्या टोकाला ३१४१७ मुद्दाम घेतलाय, कारण लॅपटॉपवर बॉइंक असेल तर ३१४१६ आधीच व्यापलेला असतो. क्लायंटच्या दृष्टीने जोडणी त्याच मशीनवरून आलीय, त्यामुळे दोन्ही फाइलींना हात लावावा लागत नाही.

---

नांगरणी

बोगद्याने जोडलं गेलं. अजून एक. डेटा डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर, /एमएनटी/साठा/बॉइंक मध्ये हलवली आणि /एट्सी/डिफॉल्ट/बॉइंक-क्लायंट मध्ये पत्ता बदलला. सर्व्हिस जुन्याच जागी सुरू होते.

---

रात्रपाळी

ती डिफॉल्टची फाइल जुन्या इनिट स्क्रिप्टची. सिस्टमडीची युनिट (सर्व्हिस कशी सुरू करायची ते सांगणारी फाइल) काय वाचते ते "सिस्टमसीटीएल कॅट बॉइंक-क्लायंट" ने बघा. त्यात प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट दिसेल, आणि प्रोटेक्टहोम=ट्रू. म्हणजे रीडराइटपाथ्स मध्ये दिलेले फोल्डर सोडले तर बाकी सगळी फाइलप्रणाली सर्व्हिसला फक्त वाचण्यापुरती. होममध्ये हलवली असती तर दिसलीही नसती.

मूळ युनिट बदलू नका, अपडेटमध्ये पुसली जाते. "सुडो सिस्टमसीटीएल एडिट बॉइंक-क्लायंट" करा आणि [सर्व्हिस] खाली दोन ओळी लिहा: वर्किंगडिरेक्टरी=/एमएनटी/साठा/बॉइंक आणि रीडराइटपाथ्स=/एमएनटी/साठा/बॉइंक. वरती [युनिट] खाली रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एमएनटी/साठा. ही ओळ नसेल तर एखाद्या दिवशी डिस्क जोडली जायच्या आत क्लायंट सुरू होईल आणि त्याला तिथे रिकामा फोल्डर मिळेल. मूळ युनिटमध्ये जुन्या जागेवर कन्डिशनपाथएग्झिस्ट्स असेल तर जुना फोल्डर रिकामा का होईना, राहू द्या.

हलवताना सर्व्हिस थांबवून सीपी -ए ने हलवा, म्हणजे मालकी आणि लिंका टिकतात. आणि जुनी प्रत चालू करून बघू नका. क्लायंट_स्टेटची शिळी प्रत सुरू झाली की तो आधीच पाठवलेली कामं पुन्हा हातात आहेत असं समजतो.

---

शेतबांध

रोझेटा चारवर आला. कार्डावर मात्र मशीन सुरू केल्यावर कधीकधी "नो युझेबल जीपीयूज फाउंड" येतं. सर्व्हिस रीस्टार्ट केली की सापडतं.

---

धूमकेतू

ड्रायव्हर तयार व्हायच्या आत क्लायंट सुरू होतोय. सीसी_कॉन्फिगमधला स्टार्ट_डिले इथे उपयोगाचा नाही, तो कामं सुरू करायला उशीर लावतो, कार्डं त्याआधीच मोजून झालेली असतात. वर रात्रपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे एडिट करून [सर्व्हिस] खाली एक्झेकस्टार्टप्री=/बिन/स्लीप ३० लिहा.

रीस्टार्टनंतरही कधीच सापडत नसेल तर कारण वेगळं. "सुडो -यू बॉइंक सीएलइन्फो" चालवा, ती आज्ञा बॉइंक युझरला ओपनसीएलमधून कुठली कार्डं दिसतात ते सांगते. तुमच्या युझरला कार्ड दिसतं आणि बॉइंकला दिसत नाही, तर बॉइंकला व्हिडिओ आणि रेंडर गटात घाला. दोघांनाही दिसत नाही, तर एनव्हिडिया-ओपनसीएल-आयसीडी राहिलंय. आणि ॲप्टने ड्रायव्हर अपडेट केल्यावर मशीन रीस्टार्ट केलं नसेल तर एनव्हिडिया-एसएमआय स्वतःच "व्हर्जन मिसमॅच" म्हणतं, तिथे बॉइंकमध्ये काही शोधू नका.

---

पाटावरवंटा

नागपुरात एप्रिलपासून प्रोसेसर ८५ अंशाच्या वर जातो. सीपीयू_युसेज_लिमिट ६० ठेवलंय, पण पंखा सारखा वरखाली होतो.

---

खडूफळा

तो पर्याय कामांना थोडा वेळ चालवतो, थोडा वेळ थांबवतो, दर काही क्षणांनी. तापमानही तसंच करवतीसारखं वरखाली. लिमिट १०० करा आणि त्याऐवजी मॅक्स_एनसीपीयूज_पीसीटी ५० वर आणा. कमी थ्रेड, पण सलग चालणारे. सीसी_कॉन्फिगमधला एनसीपीयूज यासाठी वापरू नका, तो क्लायंटला मशीनचे थ्रेडच खोटे सांगतो. चाचणीसाठी लावला असेल तर -१ करून ठेवा.

---

शेतबांध

तीस सेकंदांनी कार्ड दर वेळी सापडतंय. आइनस्टाइनचं: एकटं काम २१ मिनिटं, दोन एकदम ३६ मिनिटं, सहा-सहा कामांची सरासरी. ०.५ ठेवतोय. वर्क_फेच_डीबग शून्य केला, लॉग फार वाढत होता.

---

रात्रपाळी

तो शून्य करायला मॅनेजरची "इव्हेंट लॉग ऑप्शन्स" खिडकी वापरली असेल तर सीसी_कॉन्फिग एकदा उघडून बघा. ती खिडकी सेव्ह करताना अख्खी फाइल नव्याने लिहिते, सगळे पर्याय मूळ आकड्यांसह, आणि तुम्ही लिहिलेल्या टिपा त्यात राहत नाहीत. टिपा हव्या असतील तर शेजारी वेगळ्या फाइलीत ठेवा.